सध्या काय करतोस?

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली आणि प्रसादाची रांग लागली. आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा माझ्या पुढेच उभा होता. याच शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीत असताना तो बालशिवाजी झाला होता, आणि त्याच्या तलवारीची मूठ मीच पुठ्ठ्याची करून दिली होती. सहज विचारले, "काय रे, सध्या काय करतोस?" तो खाली बघून म्हणाला, "तयारी करतोय, काका." मग फोन आल्यासारखे करून रांगेतून बाजूला झाला, चपला घातल्या आणि प्रसाद न घेताच निघून गेला.

घरी आल्यावर सौ.ला हे सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही तरी विचारायला नको होतं. आपल्या घरी हा प्रश्न सात वर्षं ऐकलाय ना आपण?"

ती बरोबर बोलली. ते मनाला लागले म्हणून आज शाळेच्या पत्रिकेसाठी लिहायला बसलो आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. राज्य शासनाच्या एका कार्यालयात आयुष्य घालवलेला निवृत्त कर्मचारी आहे. पण बेकारी म्हणजे काय, हे मी घरात बसून पाहिले आहे, आणि तिला थोडासा हातभारही लावला आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

'तयारी' हा आपल्या भाषेतला किती छान शब्द! लग्नाची तयारी, सणाची तयारी, प्रवासाची तयारी. तयारी कशाची तरी असते आणि ती कधीतरी संपते. आपल्या भोपाळात मात्र तयारी हा एक धंदाच होऊन बसला आहे. सकाळी एम. पी. नगरच्या झोन दोनमध्ये जाऊन पाहा. एकेका इमारतीवर चार-चार मजले कोचिंगच्या पाट्या. शेजारी 'लायब्ररी' लिहिलेल्या खोल्या. तिथे पुस्तके नसतात, महिन्याच्या भाड्याने खुर्ची, टेबल आणि पंखा मिळतो. पंचवीस, अठ्ठावीस, तीस वर्षांची मुले तिथे दिवसभर मान खाली घालून बसलेली असतात. आळशी कोणीच नाही. पहाटे पाचला उठणारी, डबा घेऊन जाणारी, रात्री दहाला परतणारी मुले आहेत ही. फरक इतकाच, की महिन्याच्या शेवटी पगार येत नाही, उलट घरूनच फी जाते.

आपण इथे आलो तेच नोकरीमुळे

आपल्या घरांत सरकारी नोकरीचे एवढे महत्त्व का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले. मध्यभारत, विंध्यप्रदेश, भोपाळ राज्य आणि जुन्या मध्यप्रदेशातला महाकोशल एकत्र आले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि नव्या राज्याची राजधानी झाली भोपाळ. फायली, टंकलेखन यंत्रे आणि त्यांच्याबरोबर कारकून, लेखापाल, शिक्षक, अभियंते असे सगळे नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूरहून इथे येऊन पडले. त्यांत मराठी माणसे पुष्कळ होती. माझे वडील त्यांतलेच एक, नागपूरहून आलेले, तेव्हा बावीस वर्षांचे, अविवाहित.

पुढे टी. टी. नगर वसले. तात्या टोप्यांच्या नावाची ही वस्ती आपल्या माणसांना तर लगेच आपली वाटली. तिथल्या क्वार्टरांची संख्याच पत्ता झाली. 'आम्ही बाराशे पन्नासमध्ये राहतो' असे आजही जुने लोक सांगतात. तिकडे पिपलानी-बरखेड्याच्या माळावर हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. १९७४ मध्ये तो 'भेल'मध्ये विलीन झाला, तोवर आपल्यातली कितीतरी घरे 'भेलवाली' झाली होती.

म्हणजे बघा, आपल्याला इथे कोणी जहागीर दिली नव्हती. शेती नव्हती, दुकान नव्हते. नोकरीनेच आपल्याला घर दिले, मुलांना शाळा दिली, गणपती बसवायला वर्गणी दिली. नेहरू नगरात, कोटऱ्यात, कोलारला ज्यांची स्वतःची घरे झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या विटा भविष्य निर्वाह निधीतून आल्या. तेव्हा 'काहीही कर, पण सरकारी नोकरी धर' हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी अनुभवातून काढलेले होते. ते त्यांच्या काळी खरेही होते.

विहीर आटली, पोहरा तोच

अडचण अशी झाली, की विहीर आटत गेली आणि आपण पोहरा सोडतच राहिलो.

भेलमध्ये एक पिढी निवृत्त झाली, तेव्हा तिच्या जागी तेवढी माणसे घेतली गेली नाहीत. देशभरातल्या भेलचा कायम नोकरवर्ग आज नव्वदच्या दशकाच्या मानाने निम्म्याहूनही कमी आहे. शासकीय खात्यांत शिक्षाकर्मी, संविदा कर्मचारी, अतिथी शिक्षक असे नवनवे शब्द आले. काम तेच, पण पगार आणि भरवसा वेगळा. १ जानेवारी २००५ पासून राज्य सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शनही बंद झाली. खासगी उद्योगांचे म्हणाल, तर १९६९ साली आलेला युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ च्या त्या रात्री हजारो जीव घेऊन बंद पडला, आणि उद्योगांच्या नकाशावर या शहराच्या नावापुढे कायमचा काळा डाग पडला. मंडीदीपची औद्योगिक वसाहत वाढली, तिथे मोठमोठी नावे आली, हे चांगलेच झाले. पण माहिती तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्यांनी इंदूर गाठले. आणि आपली शिकलेली मुले? त्यांनी बहुधा पुण्याची गाडी पकडली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारीच, श्यामला हिल्सवरच्या मानव संग्रहालयात, गुंतवणूकदारांचे मोठे संमेलन झाले. पंतप्रधान आले होते. ते सगळे वर्षच शासनाने 'उद्योग आणि रोजगार वर्ष' म्हणून जाहीर केले होते. लाखो कोटींचे प्रस्ताव आले, रस्ते रंगले, झाडांवर दिवे लागले. प्रस्तावांचे कारखाने होवोत, हीच इच्छा. पण प्रस्ताव आणि पगार यांच्यात बरीच वर्षे जातात, आणि आपल्या मुलांचे वय तोवर थांबत नाही.

एक टक्का की एकोणतीस लाख?

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी मध्यप्रदेशाचा बेकारीचा दर अवघा १ टक्का निघाला. सगळ्या देशाचा दर ३.२ टक्के होता. म्हणजे बेकारी सर्वांत कमी असलेल्या राज्यांत आपण आलो. दुसरीकडे मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले गेले, की राज्याच्या रोजगार पोर्टलवर २९ लाखांहून अधिक तरुणांची नोंद आहे. त्यांना आता बेरोजगार म्हणायचे नाही, 'आकांक्षी युवा' म्हणायचे, हेही त्याच सुमारास कळले.

एक टक्का खरा की एकोणतीस लाख? माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, आणि दोन्ही अपुरे आहेत. या सर्वेक्षणातला हा दर वर्षभराची नेहमीची स्थिती पाहून काढतात. ज्याने वर्षात महिनाभर जरी काही काम केले, तो रोजगार असलेला धरला जातो. घरच्या शेतावर किंवा काकांच्या दुकानात बिनपगारी मदत केली, तरी ते कामच. जो शिकतो आहे आणि कामासाठी उपलब्ध नाही, तो बेकारही नाही आणि कामावरही नाही. तो मोजणीच्या बाहेर. मग एम. पी. नगरच्या भाड्याच्या खुर्चीवर बसलेला आपला मुलगा कोणत्या रकान्यात जातो? बहुधा कोणत्याच नाही. तिकडे पोर्टलच्या यादीतही सगळे रिकामे बसलेले नसतात. भरतीच्या अर्जासाठी नोंदणी लागते, म्हणून छोटीमोठी नोकरी असलेलेही नाव घालून ठेवतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही आकड्यांच्या मागे सारखीच दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा भारतातील रोजगारावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि पदवीधर तरुणांत २९ टक्के! अशिक्षिताला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल ते करतो. शिकलेला थांबतो, कारण त्याला थांबवणारे घर असते. आपली घरे नेमकी तशी आहेत. आईच्या हातचा डबा आहे, वडिलांची पेन्शन आहे, वरची खोली आहे. म्हणून मला वाटते, की आपल्या समाजातली बेकारी ही मुख्यतः वाट पाहण्याची बेकारी आहे. ती कोणाला दिसत नाही, आणि म्हणूनच ती लांबते.

वाट पाहायला लावणारे

वाट पाहणाऱ्याला सगळा दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वाट पाहायला लावणाऱ्यांचे काय?

व्यापमचे नाव निघाले की आजही मान खाली जाते. भरती आणि प्रवेशाच्या परीक्षांतला घोटाळा २०१३ मध्ये उघड झाला, जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. मंडळाचे नाव बदलत बदलत आता 'कर्मचारी चयन मंडळ' झाले आहे. २०२३ मध्ये पटवारी भरती झाली. सुमारे साडेआठ हजार जागा आणि परीक्षा देणारे पावणेदहा लाखांच्या आसपास. शंभरातल्या एकालाही जागा नाही! निकालानंतर पहिल्या दहांपैकी सात जण एकाच परीक्षा केंद्रावरचे निघाले, आरडाओरडा झाला, जुलैत नेमणुका थांबल्या. चौकशी बसली, गैरप्रकार आढळला नाही असे ठरले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून नेमणुका मिळू लागल्या. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास करून जागा मिळवली, त्यांनी ते सात-आठ महिने कसे काढले असतील?

राज्यसेवेचे तर विचारू नका. २०१९ सालच्या परीक्षेचा अंतिम निकाल २०२३ च्या डिसेंबरात लागला. तोही आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे ८७ टक्के जागांचा. उरलेल्या १३ टक्क्यांची मुले तशीच लटकलेली राहिली. चार वर्षांत एखादे मूल पहिलीतून पाचवीत जाते. डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरला आयोगाच्या कचेरीबाहेर मुलांनी थंडीत रात्रंदिवस धरणे धरले, त्यांच्या मागण्यांत वेळच्या वेळी परीक्षा आणि निकाल याही होत्याच. आम्हाला नोकरी नाही मिळाली तरी चालेल, पण 'नाही' तरी वेळेवर सांगा, एवढेच त्या मुलांचे म्हणणे मला ऐकू आले.

आता आमच्या घरातले

आमचे चिरंजीव १९९३ चे. २०१४ मध्ये विद्युत शाखेची पदविका घेऊन बाहेर पडले. मंडीदीपच्या एका कारखान्यात नऊ हजारांवर बोलावले होते. सकाळी साडेसहाला बस, तीन पाळ्या, कंत्राटदारामार्फत नेमणूक. मुलगा जायला तयार होता. मीच म्हणालो, "नऊ हजारांसाठी हात काळे करायची गरज नाही. घरात खायला कमी नाही. नीट तयारी कर, उपयंत्रीची जागा निघेल."

जागा निघाल्या, पण कधी दोन वर्षांनी, कधी अडीच. एकदा पाच गुणांनी गेली, एकदा परीक्षाच पुढे ढकलली, एकदा निकाल अडकला. दर वेळी मी म्हणायचो, "थोडक्यात गेलं, पुढच्या वेळी होईल." बऱ्याच पदांची वयोमर्यादा चाळीसपर्यंत असल्यामुळे आशेलाही लगाम नव्हता. मुलगा बोलेनासा झाला. लग्नकार्याला यायचे टाळू लागला. दिवाळीला पुण्याची भावंडे यायची, तेव्हा तो वरच्या खोलीत अभ्यास काढून बसायचा. माझ्या लक्षात यायचे, पण मी त्याला चिकाटी समजत होतो.

आणि आता ती गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. ३१ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२ केले. मी २०१९ मध्ये निवृत्त होणार होतो, तो २०२१ मध्ये झालो. त्या दिवशी आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. मीही अर्धा किलो घरी आणले. मुलाने पेढा हातात घेतला आणि हसून म्हणाला, "बाबा, म्हणजे जागा आणखी दोन वर्षं निघणार नाहीत ना?" तो टोमणा नव्हता, तो हिशेब मांडत होता. मी ज्या खुर्चीवर दोन वर्षे जास्त बसलो, ती माझ्याच मुलाच्या वयाच्या कोणाची तरी होती. खुर्चीवर मी बसलो होतो आणि घरी त्याला खुर्चीची वाट पाहायला सांगत होतो.

टाळेबंदी उठल्यावर, २०२१ मध्ये, त्याने मला न विचारता लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंत्राटदाराकडे काम धरले. वय अठ्ठावीस, वरचा पर्यवेक्षक तेवीस वर्षांचा. पहिले सहा महिने मी शेजाऱ्यांना सांगितलेसुद्धा नाही. आज भोपाळात दहा-दहा मजल्यांच्या इमारती उठत आहेत, आणि प्रत्येक इमारतीत लिफ्ट आहे. त्याच्या हाताखाली आता चार मुले आहेत. रात्री कोणी लिफ्टमध्ये अडकले, की त्याला फोन येतो आणि तो निघतो. गेल्या वर्षी लग्न झाले. २०१४ मध्ये त्याच्याबरोबरचा जो मित्र मंडीदीपला रुजू झाला, तो आज पाळीप्रमुख आहे. चिरंजीव कधीतरी एवढेच म्हणतात, "बाबा, सात वर्षं आधी सुरू केलं असतं तर." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सरकारी नोकरीची ओढ चूक आहे का?

माझे म्हणणे कोणी असे घेऊ नये, की सरकारी नोकरीचा नाद सोडा आणि मिळेल ते करा. असा उपदेश करायला पैसे पडत नाहीत. ग्वाल्हेरला डिसेंबर २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयातल्या शिपाई, चालक वगैरे १५ जागांसाठी ११ हजारांच्या आसपास मुले आली होती, त्यांत अभियंते होते, एमबीए होते. ती मुले वेडी नव्हती. त्यांनी खासगी नोकरी पाहिलेली होती. कंत्राटदार बदलला की नोकरी गेली, बारा तासांना आठ तासांचा पगार, भविष्य निर्वाह निधी कापला पण भरला नाही, आजारी पडलात तर घरी बसा. शिपायाच्या नोकरीत मान कमी असेल, पण महिन्याची एक तारीख चुकत नाही. खासगी काम जोवर माणसासारखे वागवत नाही, तोवर मुले सरकारच्या दाराशीच उभी राहणार.

मुलींचा विचार तर आपण करतच नाही. मुलाची तयारी तिसाव्या वर्षापर्यंत चालते, मुलीची तयारी स्थळ येईपर्यंत. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आपल्या किती सुना आज फक्त घर सांभाळत आहेत? त्यांना कोणी बेकार म्हणत नाही, कारण त्या 'घरीच तर आहेत'. मुलाचे वाया गेलेले वर्ष आपल्याला निदान दिसते तरी.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. सरकारी परीक्षा जरूर द्यावी, पण तिच्यासाठी आयुष्य थांबवू नये. आणि हे थांबणे थांबवायची जबाबदारी एकट्या मुलावर टाकू नये. ती शासनाची आहे, घराची आहे आणि समाजाचीही आहे.

करता येण्याजोगे

शासनाकडे मागणी एकच करावी, पण सर्वांनी मिळून आणि सतत करावी. परीक्षेचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि अर्जापासून नेमणुकीपर्यंतचे सगळे एका वर्षात आटपावे. केंद्रीय लोकसेवा आयोग आपले वार्षिक वेळापत्रक आगाऊ छापतो आणि बहुतांशी पाळतो. दिल्लीला जमते ते भोपाळला का जमू नये? आपले लोकप्रतिनिधी गणपतीच्या मांडवात येतात, हारतुरे घेतात. त्यांना हार घालताना हा एक प्रश्नही विचारावा.

घरात आपण एक मुदत ठरवावी. दोन पूर्ण प्रयत्न किंवा तीन वर्षे, जे आधी संपेल ते. ही मुदत मुलाबरोबर बसून, पहिल्याच दिवशी ठरवावी, रागाच्या भरात नव्हे. आणि त्या तीन वर्षांतही दिवसाचे चार तास तरी हात कशाला तरी लागलेले असावेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांना शिकाऊ मुले घ्यावी लागतात, भेलही आयटीआयच्या मुलांना घेते. २०२३ मध्ये राज्याने सुरू केलेल्या 'सीखो-कमाओ' योजनेत शिकता शिकता आठ ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. नरेला शंकरीला आशियाई विकास बँकेच्या कर्जातून आणि सिंगापूरच्या मदतीने संत शिरोमणी रविदास कौशल्य उद्यान उभे राहिले आहे. आपल्यातल्या किती पालकांनी ते जाऊन पाहिले आहे? मीही परवापर्यंत पाहिले नव्हते.

खासगी नोकरी धरताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. नेमणूक कोणाची, कारखान्याची की कंत्राटदाराची? भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक कोणता? जादा तासांचे काय? वीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला हा निधी भरावाच लागतो. आपल्या समाजात लेखा, श्रम आणि विमा खात्यांतून निवृत्त झालेली जाणकार मंडळी भरपूर आहेत. त्यांनी रविवारी सकाळी दोन तास शाळेत बसून मुलांचे नेमणूकपत्र वाचून दिले, तर ते कोणत्याही सत्कारापेक्षा मोठे काम होईल.

शाळेलाही एक विनंती. फलकावर आपण दरवर्षी गुणवंतांची छायाचित्रे लावतो, ती जरूर लावावीत. त्याच्या शेजारी एक फलक कामावर असलेल्या माजी विद्यार्थ्यांचा असावा. परिचारिका, लिफ्टवाला, बेकरी चालवणारी, शीतगृहात काम करणारा, सौर पॅनेल बसवणारा. आठवी-नववीच्या मुलांपुढे त्यांना बोलवावे आणि पगार किती, त्रास काय, हे खरेखरे सांगू द्यावे. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांत वर्षातून एक सहल न्यावी. भीमबेटका आणि सांची मुलांनी पाहिलेच असते, लेथ यंत्र मात्र पाहिलेले नसते.

शेवटची गोष्ट वधू-वर मेळाव्यांची. तिथल्या पुस्तिका चाळा. 'अपेक्षा: सरकारी नोकरी किंवा पुण्यात आयटी.' ओळीमागून ओळ हेच. आपण मुलांना सांगतो, की कोणतेही काम हलके नसते, आणि लेकीचे स्थळ पाहताना मंडीदीपच्या पाळीप्रमुखाचा कागद खाली ठेवतो. मुले आपले बोलणे ऐकत नाहीत, आपण कोणता कागद खाली ठेवला ते पाहतात. हा अपराध मीही केला आहे. पुतणीसाठी आलेले एक चांगले स्थळ 'कंपनी प्रायव्हेट आहे' एवढ्याच कारणाने मी परत पाठवले होते.

माझ्या वडिलांनी नागपूर सोडले, ते नोकरी तिथून उठून इथे आली म्हणून. काम जिथे गेले, तिथे ते गेले. आपण त्यांची नोकरी लक्षात ठेवली, त्यांचे हे कामामागे जाणे मात्र विसरलो.

त्या मुलाच्या घरी मी परवा जाऊन आलो. प्रसाद राहिला होता ना त्याचा! मोदकाचे दिवस सरले होते, म्हणून सौ.ने बेसनाचे लाडू दिले होते. या वेळी मी तो प्रश्न विचारला नाही. तो नेमका कोणत्या परीक्षेला बसतो, पुढची तारीख काय, वेळ जात नाही तेव्हा काय करतो, असे विचारत गेलो. बराच वेळ बोलत होता. निघताना म्हणाला, "काका, दादाबरोबर एक दिवस लिफ्टचं काम बघायला येऊ का? नुसतं बघायला."

येत्या रविवारी दोघे कोलारच्या एका इमारतीत जाणार आहेत. त्याचा अभ्यासही चालूच राहणार आहे, पुढची परीक्षा द्यायचीच आहे त्याला. पण तोवर त्याने नुसते बसून राहू नये, यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाला एखाद्या रविवारी एवढे नक्कीच करता येईल.